मुंबईचे पाणी आणि मुंबईचा मैला

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेटावरील रहिवाशांना पाणी पुरवणे हे सरकारचे काम आहे, असे ना सरकार मानत होते, ना रहिवासी. बेटावर बारमाही नदी नव्हती, भोवताली खारे पाणी होते आणि पिण्याच्या पाण्याचा सारा भार पावसावर भरणाऱ्या विहिरींवर व तलावांवर होता. विहिरी बहुधा खासगी आवारांत असत, तर तलाव धनिकांनी पुण्यकर्म म्हणून खोदलेले किंवा दुरुस्त करून घेतलेले असत. कावसजी पटेल तलाव, मुंबादेवीचा तलाव, गवालिया तलाव, खारा तलाव ही त्यांतील काही नावे. धोबीतलावाचा तलाव फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याने १८३१ मध्ये मोठा खर्च करून नव्याने बांधून घेतला, म्हणून सरकारने त्याला त्यांचे नाव दिले. हे तलाव पुढे बुजवले गेले आणि नावे तेवढी रस्त्यांना व चौकांना चिकटून राहिली.

दानधर्मावर चालणाऱ्या या व्यवस्थेत कोणाला किती पाणी मिळावे हे दात्याची मर्जी, जातीचा रिवाज आणि घरापासून विहिरीचे अंतर यांवर ठरे. ज्याच्या आवारात विहीर नसे तो पखालवाल्याकडून पाणी विकत घेई. पखाल म्हणजे बैलाच्या पाठीवर लादून नेण्याची कातड्याची मोठी पिशवी. कातड्यातले पाणी ज्यांना चालत नसे अशा सोवळ्या घरांसाठी तांब्या-पितळेच्या घागरींनी पाणी भरणारे पाणके वेगळे असत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना मात्र दुसऱ्याने वाढलेल्या पाण्यावर भागवावे लागे, कारण पुष्कळ पाणवठ्यांवर त्यांना थेट पाणी भरण्यास मज्जाव होता.

त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत मुंबईने शंभर किलोमीटरवरून पाणी आणण्याची व्यवस्था उभारली. या काळाच्या इतिहासात पाणी शहरात कसे आले याची कथा अभियंत्यांच्या कर्तृत्वाच्या प्रकरणात सांगितली जाते आणि मैला शहराबाहेर कसा गेला हा भाग साथींच्या अथवा जातिव्यवस्थेच्या प्रकरणात टाकला जातो. दोन्ही एकत्र वाचल्यास असे आढळते की शहराने पाणी आणण्यासाठी भांडवल उभारले, मैला नेण्यासाठी जात वापरली, आणि नळ व संडास या दोन्ही सोयी माणसाच्या हिशेबाने न देता घराच्या, म्हणजे करपात्र मालमत्तेच्या, हिशेबाने दिल्या. मुंबईच्या आरोग्याचे पुढचे बहुतेक प्रश्न या तीन गोष्टींच्या सांध्यात निर्माण झाले.

पाण्याचा प्रश्न हातघाईवर आला तो १८५० च्या दशकाच्या मध्यास. पावसाने ओढ दिली, विहिरी आटल्या, शहरातील गुरे बाहेर हलवावी लागली आणि नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीने व होड्यांनी बाहेरचे पाणी आणण्याची वेळ आली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने १८५२ मध्येच मुंबईच्या आरोग्यविषयक गरजांवर अहवाल लिहिला होता. साष्टी बेटावर विहार येथे मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात बांध घालून ते पाणी लोखंडी नळांनी शहरात आणण्याची त्यांची योजना आता मान्य झाली. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये विहारचे पाणी मुंबईत पोचले. या योजनेची क्षमता दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटरची होती. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली, म्हणजे कागदावर माणशी जेमतेम ३९ लिटर पाणी वाट्याला येत होते. प्रत्यक्षात असे समान वाटप कधी झाले नाही, कारण घरात नळ घेण्यासाठी अर्ज घरमालकाने करायचा होता व जोडणीचा खर्चही त्यानेच सोसायचा होता. भाडेकरूच्या वाट्याला चाळीच्या अंगणातील एखादा नळ किंवा रस्त्यावरचे सार्वजनिक नळकोंडाळे येई.

विहार अपुरे पडले म्हणून १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. त्यानंतर पवईचे पाणी आणून पाहिले, पण ते पिण्यायोग्य ठरले नाही. ठाणे जिल्ह्यातील तानसा नदीवरचे धरण ही खरी मोठी उडी होती. हेक्टर टुलॉक यांनी १८७२ च्या सुमारास सुचवलेली ही योजना १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते सुरू झाली आणि तिने शहराला दिवसाला आणखी सुमारे पावणेआठ कोटी लिटर पाणी दिले. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर बांधलेल्या धरणाच्या जलाशयाला अभियंता ना. वि. मोडक यांचे नाव मिळाले. ऊर्ध्व वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा ही त्याच मालिकेतील पुढची नावे असून आज शहराला दिवसाला सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. ज्या ठाणे-पालघर पट्ट्यातून हे पाणी येते तेथील शहापूर, मोखाड्यासारख्या तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, ही गोष्ट मुंबईच्या पाण्याच्या गौरवग्रंथांत सहसा येत नाही.

विहारचे पाणी आले तेव्हा ते वापरून झाल्यावर कोठे जाईल याचा विचार झालेला नव्हता. मुंबई बेटाचा मधला भाग सखल होता. मुळात ती समुद्राची खाडीच, आणि अठराव्या शतकात वरळीजवळ हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून भरतीचे पाणी अडवल्यावर ती जमीन झाली. या सखल भागातून वाहणारा ‘मेन ड्रेन’ नावाचा मोठा उघडा नाला सांडपाणी पोटात घेऊन वरळीकडे लव्हग्रोव्ह येथे समुद्राला मिळत असे. घराघरांत नळ येऊ लागल्यावर सांडपाणी कित्येक पटींनी वाढले, ते गटारांत तुंबले, जमिनीत मुरले आणि वस्त्यांखालची माती बारमाही ओली राहू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरोग्य अधिकारी ही ओल मुंबईच्या रोगटपणाचे एक मुख्य कारण मानू लागले होते. त्यांच्या वैद्यकीय समजुती पुढे मागे पडल्या असल्या तरी, निचऱ्याची सोय न करता पाणी आणणे म्हणजे अर्धेच काम करणे होय, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते.

मैल्याची व्यवस्था याहून जुनी आणि याहून पक्की होती. घराच्या मागील बाजूस चौथऱ्यावर बांधलेल्या संडासाच्या खाली टोपली किंवा डबा ठेवलेला असे आणि त्यात साठलेला मैला दररोज हाताने काढून, डोक्यावरून वाहून, ठरलेल्या ठिकाणी नेऊन टाकला जाई. हे काम करणाऱ्यांना मुंबईत हलालखोर म्हणत. त्यांत गुजरात-काठेवाडातून आणि उत्तरेतून आलेल्या, वंशपरंपरेने याच कामाला जुंपलेल्या जातींचा भरणा होता, तर रस्ते झाडणारे आणि केरकचरा उचलणारे बिगारी हा वेगळा वर्ग होता व त्यात दख्खन-कोकणातून आलेले महार पुष्कळ होते. आरंभी हलालखोर आणि घरवाला यांच्यात परस्पर व्यवहार असे. कोणत्या हलालखोराने कोणती घरे राखायची हे रूढीने ठरलेले असे आणि मोबदला घरवाल्याकडून पैशात व उरल्यासुरल्या अन्नात मिळे. १८६० च्या दशकात नगरपालिकेने हे काम आपल्या हाती घेण्यास सुरुवात केली आणि त्यासाठी घरांवर ‘हलालखोर कर’ बसवला, जो पुढे मलनिःसारण कर म्हणून चालू राहिला. एका जातीकडून रूढीने करवून घेतलेली सेवा अशा रीतीने नगरपालिकेच्या जमाखर्चात आली. ती करणाऱ्यांची जात, वस्ती आणि हातातील टोपली मात्र जिथल्या तिथे राहिली.

या व्यवस्थेने शहराच्या बांधणीवरही ठसा उमटवला. जुन्या मुंबईत दोन इमारतींच्या मागच्या भिंतींमध्ये तीन-चार हातांची एक अरुंद बोळ सोडलेली दिसते, तिला हाउस गल्ली म्हणतात. संडास या बोळीच्या बाजूला असत, म्हणजे हलालखोराला दर्शनी दारातून, जिन्यावरून किंवा चौकातून न येता मागून येऊन टोपली रिकामी करता येई. उजेड आणि वारा यावा हाही तिचा एक हेतू होता, पण तिचा मुख्य उपयोग मैला नेणारा माणूस कोणाच्या दृष्टीस पडू नये हाच होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. पुढे टोपल्या गेल्या आणि त्याच बोळींतून मलवाहिन्या टाकल्या गेल्या; वरच्या मजल्यांवरून फेकलेला कचरा काढण्यासाठी आजही त्या बोळींत उतरतात ते बहुधा त्याच समाजांतील कामगार.

पाश्चात्य पद्धतीची भूमिगत गटारे हवीत की टोपलीचा संडास पुरे, हा वाद मुंबईत अनेक दशके चालला. डॉ. अँड्र्यू लीथ यांनी १८६४ मध्ये मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर लिहिलेल्या अहवालात आणि पुढे आरोग्य अधिकारी डॉ. टी. जी. ह्यूलेट यांच्या वार्षिक अहवालांत घाणीची जी वर्णने आहेत ती वाचताना आजही अंगावर शहारा येतो. १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर झालेल्या आर्थर क्रॉफर्ड यांनी सखल मैदाने भरणे, मंडया बांधणे आणि रस्ते काढणे ही कामे धडाक्याने केली. त्यांचा खर्च इतका वाढला की करदात्यांनी चळवळ करून त्यांचा कारभार संपवला आणि १८७२ च्या कायद्याने निवडून आलेल्या सभासदांचा समावेश असलेली नगरपालिका आली. हे निवडून आलेले सभासद करदाते होते व त्यांना निवडणारेही करदाते होते. ज्यांच्याकडे मालमत्ता नाही अशांना, म्हणजे शहरातील बहुसंख्यांना, मत नव्हते. भूमिगत गटारांविरुद्ध मांडले जाणारे आक्षेप तांत्रिक असत: उन्हाळ्यात गटारे धुण्याइतके पाणी नाही, शहर समुद्रसपाटीच्या इतके जवळ आहे की उतारावर मैला वाहणार नाही, पंप बसवावे लागतील. हे आक्षेप निराधार नव्हते आणि अखेरीस लव्हग्रोव्हला पंपाचीच सोय करावी लागली. तरीही हलालखोराचा श्रम इतका स्वस्त नसता, तर हे आक्षेप इतकी वर्षे टिकले असते का, हा प्रश्न विचारला पाहिजे. स्वस्त श्रमामुळे यंत्र लांबणीवर पडते, हे अर्थशास्त्रातले जुने निरीक्षण मुंबईच्या गटारांना तंतोतंत लागू पडते.

हलालखोराचे महत्त्व शहराला किती होते हे १८९६ च्या प्लेगमध्ये उघड झाले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ६ ऑक्टोबरला कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा अधिकार सांगणारा हुकूम काढला, त्याने शहरभर घबराट पसरली आणि महिनाअखेरीस आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांच्या जमावाने हल्ला केला. यानंतर स्नो यांनी आपला हुकूम सौम्य केला. त्यामागील एक मोठे कारण असे होते की हलालखोर व झाडूवाले शहर सोडून निघून गेले तर मुंबई काही दिवसांत राहण्याजोगी उरणार नाही, अशी धास्ती त्यांना वाटत होती. व्यापारी, वकील, कारकून, गिरणी कामगार हजारोंनी पळून गेले तरी शहर कसेबसे चालले. टोपल्या उचलणारे गेले असते तर चालले नसते. एवढी निर्विवाद सौदाशक्ती हाती असूनही त्यांची स्थिती फारशी बदलली नाही. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली, यात मृत्यू आणि पलायन या दोहोंचा वाटा होता.

प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि विस्थापितांसाठी चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळातील डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे दोनशेवर चाळी उभारल्या, त्याच बी.डी.डी. चाळी. या चाळींत आणि खासगी मालकांच्या चाळींत संडासाची जी रचना रूढ झाली ती मुंबईच्या मध्यमवर्गीय व कामगार जीवनाचा भागच बनली: प्रत्येक मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला सामायिक संडासांची रांग, आणि खोलीत फार तर एक मोरी. मोरी म्हणजे कोपऱ्यात कड घालून केलेली धुण्या-न्हाण्याची जागा. पाण्याची मोरी घरात आणि संडास शक्य तितका लांब, ही मांडणी मालकाच्या काटकसरीला सोयीची होती, तशीच सोवळ्या-ओवळ्याच्या जुन्या कल्पनांनाही पटणारी होती. पुढे चाळकऱ्यांच्या स्मृतींत सकाळच्या रांगा, बादल्या आणि कुलपे विनोदाचा विषय झाल्या. गर्भवती बायका, म्हातारी माणसे आणि रात्रपाळी करणारे कामगार यांना त्यात विनोद किती दिसला असेल हे सांगता येत नाही.

याच काळात जुन्या विहिरींचा शेवट झाला, आणि तो कौतुकाने पाहण्यासारखा आहे. डॉ. सी. ए. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईतील हिवतापाचा डास विहिरींच्या स्वच्छ पाण्यात वाढतो असे दाखवले आणि नगरपालिकेने विहिरी झाकण्याचा किंवा बुजवण्याचा धडाका लावला. पारशी, हिंदू व जैन समाजांतून त्याला विरोध झाला, कारण अग्यारीतील विधींना आणि अनेक व्रतांना विहिरीचेच पाणी लागते. फोर्टमधील १७२५ ची भिखा बेहराम विहीर त्या लढाईतून वाचली. ज्या विहिरी एकेकाळी शहराची तहान भागवत होत्या, त्या आता रोगाचे घर ठरल्या. वाचल्या त्या धर्माच्या आधारावर.

पाण्यावरच्या जातीय बंधनाला कायद्याच्या भाषेत पहिले मोठे आव्हान मुंबईच्याच विधिमंडळातून मिळाले. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व न्यायालये अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण ती घोषणा कागदावरच राहिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, परतणाऱ्यांना मारहाण झाली, आणि सवर्णांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. त्यानंतर जो दिवाणी दावा उभा राहिला त्यात वादींनी तळे खासगी मालकीचे असल्याचे व अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्राचीन वहिवाट असल्याचे म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी ती वहिवाट सिद्ध होत नाही असा निकाल दिला. या खटल्यात वादाचा मुद्दा माणसाच्या हक्कापेक्षा तळ्याच्या मालकीवर आणि वहिवाटीच्या वयावर फिरला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पाण्याचा प्रश्न मालमत्तेच्या दारातून न्यायालयात शिरला आणि त्याच दारातून निकालात निघाला.

मैल्याच्या बाजूने असे आव्हान उशिरा आले, आणि ते देणाऱ्यांत महाराष्ट्रातील काही विलक्षण माणसे होती. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे आप्पा पटवर्धन १९३२ च्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातील भंगीकाम जातीनुसार वाटले जाई. उच्चवर्णीय कैद्याने ते मागितले तरी त्याला ते मिळत नसे. आप्पांनी ते मागितले, नाकारल्यावर अन्न सोडले, येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास आरंभला आणि सरकारला नमावे लागले. त्यांचे पुढचे काम अधिक महत्त्वाचे ठरले. कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत आणि गॅस करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले, कारण मैला वाहणाऱ्या माणसाविषयी कितीही कळवळा दाखवला तरी संडासाची रचना बदलल्याखेरीज तो त्या कामातून सुटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या ‘मलप्रभा’ या बायोगॅस-संडासाची कल्पना पुढे नेली ती डॉ. सु. वि. मापुसकर यांनी. १९५९ मध्ये देहूच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालेल्या या डॉक्टरांनी तुकारामांच्या त्या गावात, जेथे जवळजवळ सारे लोक उघड्यावर बसत, अपयशी ठरलेल्या पहिल्या संडासांनंतरही चिकाटी सोडली नाही. गाव टप्प्याटप्प्याने बदलले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सरकारी पातळीवर मुंबई राज्याने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली भंगी कामगारांच्या राहणीची चौकशी करणारी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणे बंद करावे, ढकलगाड्या द्याव्यात, घरे बांधावीत अशा तिच्या शिफारशी १९५२ मध्ये आल्या आणि केंद्रीय पातळीवर पुढे मलकानी समितीने त्याच विषयाचा पाठपुरावा केला. टोपलीचे संडास बांधणे व त्यांच्या सफाईसाठी माणूस ठेवणे हा गुन्हा ठरायला मात्र १९९३ साल उजाडले.

तोवर मुंबईत एक दुसरेच शहर वाढले होते. स्वातंत्र्यानंतर कामाच्या शोधात आलेल्या लोकांनी मोकळ्या, दलदलीच्या आणि रेल्वेलगतच्या जमिनींवर झोपड्या बांधल्या आणि १८६० चा जुना नियम येथे नव्याने आडवा आला: नळ मालमत्तेला मिळतो, आणि ज्याच्या नावावर मालमत्ता नाही त्याला तो मिळू शकत नाही. १९७१ च्या झोपडपट्टी सुधारणा कायद्याने आणि १९७६ च्या झोपडी-गणनेने ही भिंत थोडी खाली आली. गणनेत नाव आलेल्यांना ओळखपत्रे मिळाली व कित्येक झोपडपट्ट्यांत म्हाडाने सामायिक संडास बांधले. नळ घ्यायचा तर अनेक कुटुंबांनी गट करून, एकाला सचिव नेमून, सामायिक जोडणी घ्यायची. पुढे राज्य सरकारने ठराविक तारखेपूर्वीच्या झोपड्यांना संरक्षण दिले, ती तारीख आधी १ जानेवारी १९९५ आणि नंतर २००० झाली, आणि त्या तारखेनंतर आलेल्यांना नळ नाकारण्याचा रिवाज पडला. माणूस शहरात कधी आला यावर त्याच्या तहानेची वैधता ठरू लागली. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती. महानगरपालिकेच्या हिशेबात इमारतीतील माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतील माणसाला ४५ लिटर असे प्रमाण दीर्घकाळ धरलेले होते. विहारच्या वेळी कागदावर पडणाऱ्या ३९ लिटरांच्या सरासरीपासून झोपडपट्टी दीड शतकात सहा लिटर पुढे आली, असा त्याचा अर्थ होतो.

संडासांच्या बाबतीत म्हाडाने बांधलेले ब्लॉक काही वर्षांतच मोडले, दारे गेली, टाक्या भरल्या, कारण त्यांची देखभाल कोणी करायची हे कोणीच ठरवले नव्हते. जागतिक बँकेच्या कर्जावर १९९५ ते २००५ या काळात राबवलेल्या मलनिःसारण प्रकल्पात याचा विचार झाला. वस्तीने संस्था नोंदवायची, प्रत्येक कुटुंबाने सदस्यवर्गणी भरायची, पालिकेने बांधून द्यायचे आणि चालवायचे मात्र वस्तीने, अशी पद्धत पडली व तीनशेहून अधिक ब्लॉक उभे राहिले. स्पार्क, महिला मिलन व नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन या संस्थांनी त्यात मोठा भाग उचलला, आणि पुण्यात १९९९ पासून आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात त्यांनीच हे काम अधिक वेगाने केले. स्त्रियांनी रचनेत सुचवलेले बदल नोंदवण्याजोगे आहेत: स्त्री-पुरुषांची दारे वेगळ्या बाजूंना, मुलांसाठी कमी उंचीची वेगळी जागा, आणि राखणदाराला वरच्या मजल्यावर खोली. तरी दर ५० माणसांमागे एक संडास हे प्रमाण गृहीत धरल्यावर सकाळची रांग अटळ होती. ज्या बायका पहाटेच्या अंधारात उरकून घेत किंवा दिवसभर पाणी कमी पीत, त्यांच्या सवयी त्या आकड्यातूनच घडल्या होत्या. २०११ मध्ये मुंबईतील स्त्री-संघटनांनी ‘राइट टु पी’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांकडून मात्र पैसे, ही शहरभर रूढ असलेली प्रथा प्रथमच चव्हाट्यावर आली.

नळ नाकारण्याच्या धोरणाविरुद्ध पाणी हक्क समितीने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी निकाल दिला. पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असून झोपडी अनधिकृत आहे एवढ्या कारणाने तो नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले; अशा रहिवाशांना कायदेशीर रहिवाशांच्या बरोबरीनेच पाणी द्यावे, असे मात्र त्याने सांगितले नाही. जोडणी देण्याचे धोरण ठरवायला त्यानंतरही वर्षे गेली, आणि ‘सर्वांसाठी पाणी’ हे महानगरपालिकेचे धोरण २०२२ मध्ये लागू झाले.

हलालखोरांच्या वारसांविषयी २०१३ चा कायदा संरक्षणसामग्रीशिवाय गटारात वा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास बंदी घालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदी असूनही मृत्यू थांबले नाहीत, तेव्हा २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ती रक्कम ३० लाख रुपये केली.